सिनेमा पाहून बरं-वाईट ठरवायला खरंच मदत होते का? की ती नुसती करमणूक?

मदत होते, पण सिनेमा उत्तर देतो म्हणून नाही. तो आपल्याला निर्णयाच्या जागी उभं करतो.

'श्वास' (2004) घ्या. नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आजोबांना होकार द्यायचाय, शिवाय पोराला सांगायचंय. ऑपरेशनआधी ते त्याला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे भरून शहर दाखवतात. दवाखान्याच्या नियमात हे बसत नाही, डॉक्टर चिडतात. तरी मला तो माणूस चुकला असं आजवर म्हणता आलेलं नाही.

आमच्याकडे अमळनेरला हा सिनेमा घरच्या टीव्हीवर लागला होता. कापूस वेचून आलेली आजी दाराशीच बसली. आजोबा-नातू रस्त्यावर फिरायला लागले तशी हळूच अहिराणीत म्हणाली, "आते काय करानं?" (आता काय करायचं?) आणि मग रात्रभर घरात तोच विषय. चुलते म्हणाले, पोराला सांगायलाच नको होतं. आजी म्हणाली, सांगायलाच हवं, त्याचे डोळे आहेत.

याच गावात साने गुरुजी शिक्षक होते. त्यांच्या 'श्यामची आई'वरच्या अत्रेंच्या सिनेमाला 1954 साली पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यातही मोठं तत्त्वज्ञान नाही, पोराच्या लहानसहान चुका आहेत.

तुम्ही 'श्वास' घरच्यांसोबत बघा आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करा. खरं बोलणं तिथून सुरू होतं.