वाचकांचे प्रश्न : मधू दंडवते यांची संसदेतील वीस वर्षे

प्रश्न : आमच्याकडची जुनी माणसे प्रा. मधू दंडवते यांचे नाव अजूनही आदराने घेतात. माझ्या नातवाने मला विचारले, की ते वीस वर्षे खासदार होते, पण त्यातला बहुतेक काळ विरोधी पक्षात होते, मग त्यांच्या हातून काम झाले तरी कोणते? मला धड उत्तर देता आले नाही. – एक वाचक, कणकवली

उत्तर : नातवाचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेब मांडूनच दिलेले बरे. १९७१, १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा सलग पाच निवडणुका दंडवते यांनी राजापूर मतदारसंघातून जिंकल्या आणि १९९१ मध्ये तेथेच ते पराभूत झाले. या वीस वर्षांत मंत्रिपद त्यांच्याकडे होते ते जेमतेम सव्वातीन वर्षे : मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात रेल्वे आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळात अर्थ. आणीबाणी आली तेव्हा ते एका संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळूरला गेले होते; वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर त्यांनाही तेथेच अटक झाली. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात आणि हे बंगळूरच्या, असा तो काळ गेला. उरलेली वर्षे विरोधी बाकांवरची, आणि तीही मूठभर लोकांच्या पक्षात. १९७१ च्या काँग्रेस लाटेत प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून दोनच खासदार निवडून आले, त्यांतले एक दंडवते. १९८४ च्या लाटेत जनता पक्षाच्या पदरात दहा जागा पडल्या, त्यांतली एक राजापूरची. बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून जपलेला हा मतदारसंघ होता. जानेवारी १९७१ मध्ये ते अकाली गेले आणि त्यांच्या जागी दंडवते उभे राहिले. माणूस पाहून मत देणारी जागा, असा राजापूरचा लौकिक या दोघांमुळेच झाला, असे आम्हांला मनापासून वाटते.

विरोधी खासदाराच्या हातात त्या काळी निधी नसे आणि फाइलवर सही करण्याचा अधिकार तर आजही नसतो. असतात ती सभागृहाच्या नियमांनी दिलेली आयुधे. तारांकित प्रश्न लागला, की मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्नांना सामोरे जावे लागते. खात्याच्या अनुदानाची मागणी आली, की तीत शंभर रुपयांची कपात सुचवता येते. शंभर रुपयांनी सरकारचे काही अडत नाही, पण त्या सूचनेसोबत अमुक मार्गाचे सर्वेक्षण का रखडले किंवा अमुक बंदर का गाळाने भरले, ही एकच तक्रार नेमकेपणाने मांडता येते आणि ती कामकाजात कायमची नोंदली जाते. दंडवते यांनी ही आयुधे प्राध्यापकाच्या शिस्तीने वापरली. नियम तोंडपाठ, आकडे पक्के, आवाज न चढवता केलेला युक्तिवाद. त्यामुळे ते बोलायला उठले, की सत्ताधारी बाकांनाही ऐकावे लागे.

सत्ता मिळाली तेव्हा काय केले, हे नातवाला रेल्वेच्या डब्यात बसवून दाखवता येईल. तिसरा वर्ग हे नाव १९७४ मध्ये गेले होते, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या फळ्या लाकडीच राहिल्या होत्या. चाकरमानी त्यावर सतरंजी किंवा दुहेरी चादर अंथरायचा आणि तरीही सकाळी उठताना बरगड्यांवर पट्ट्यांचे वळ असायचे. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. वरच्या वर्गाचे काढून घ्यायचे नाही, खालच्या वर्गाला वर आणायचे, ही त्यामागची त्यांची समाजवादी दृष्टी. १९७७ च्या डिसेंबरात मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान त्यांनी सुरू केलेली गीतांजली एक्स्प्रेस याच विचाराची होती. तिच्यात वर्गभेदच नव्हता. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना कामावर परत घेतले, तेही त्यांनीच. गादीची गोष्ट सगळे सांगतात, ही मात्र कमी सांगितली जाते, आणि आमच्या लेखी ती अधिक मोलाची आहे, कारण त्या प्रत्येक परतलेल्या माणसामागे एक चूल होती.

कोकण रेल्वेचे श्रेय एकट्या कोणाचे नाही. नाथ पै यांनी ती मागणी संसदेत लावून धरली, दंडवते यांनी ती पुढे नेली आणि १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत आली. पुढचा मार्ग पैशांवाचून अडला होता. १९९० मध्ये अर्थखाते दंडवते यांच्याकडे आणि रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे, असा योग जुळून आला. रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६ टक्के भांडवल घेऊन महामंडळ स्थापन झाले, उरलेला पैसा रोख्यांतून उभा राहिला आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला, तेव्हा दंडवते खासदार नव्हते.

प्रश्न : अर्थमंत्री म्हणून त्यांनी कर्जमाफी दिली, ती योग्य होती का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : १९९० च्या अर्थसंकल्पातून दहा हजार रुपयांपर्यंतची शेतीकर्जे माफ झाली. नडलेल्या शेतकऱ्याला त्या वेळी श्वास घेता आला, हे खरे. पण नियमित हप्ते भरणाऱ्यांची निराशा झाली आणि वसुलीची सवय मोडल्याचा फटका सहकारी बँकांना पुढे बरीच वर्षे बसला, हेही खरे. दंडवते यांच्याबद्दल आदर असूनही हा निर्णय आम्हांला पूर्णपणे पटलेला नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा त्यांनी रद्द केला, तो मात्र निःसंशय चांगला निर्णय होता. १९६३ पासूनच्या त्या निर्बंधांनी आणि १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवू न देणाऱ्या नियमाने किती सोनारांच्या पेढ्या बसल्या होत्या, ते त्या पिढीच्या कारागिरांना विचारावे.

प्रश्न : दंडवते मूळचे कोकणातलेच ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगरला झाला आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवत. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.