बंद केलेले डोमेन आणि गप्प बसलेला मुलगा

‘प्रौढांच्या संकेतस्थळांसाठी वेगळे डोमेन आहे आणि ते मी राउटरवरून बंद केले आहे, मग आता धोका कोठून येणार?’ असे एका अकरा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी मला पहिल्याच भेटीत विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा काही आठवड्यांपासून एकटा झोपायला घाबरत होता आणि सूचना वाजली की टॅब पालथा ठेवत होता, हे आईच्या लक्षात आले होते.

हा प्रश्न मला अनेक पालक विचारतात आणि त्यांची काळजी खरी असते. प्रौढांच्या संकेतस्थळांसाठीचे ‘.एक्सएक्सएक्स’ हे डोमेन, म्हणजे पत्त्याच्या शेवटी येणारे नाव, २००७ मध्ये नाकारले गेले आणि पुढे बराच वाद होऊन २०११ मध्ये सुरू झाले, पण अशा मजकुराने त्याच नावाखाली यावे अशी सक्ती त्यात नव्हती, त्यामुळे असंख्य संकेतस्थळे ‘.कॉम’वरच राहिली. उलट काही विद्यापीठांना आपल्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून तिथले पत्ते विकत घ्यावे लागले. डोमेन हा केवळ पत्ता असतो आणि त्यावरून आतला मजकूर ओळखता येईलच असे नाही, हा आक्षेप इंटरनेटच्या तंत्रज्ञांनी २००४ मध्येच लेखी नोंदवला होता. शिवाय मुलांपर्यंत अशी चित्रे पुष्कळदा संकेतस्थळावरून नव्हे, तर गप्पांच्या गटांतून येतात, आणि तिथे डोमेनचा अडसर काहीच करू शकत नाही.

मुलाशी मी एकांतात बोलले. पेन्सिलला टोक काढता काढता त्याने ती दोनदा मोडली आणि मग सांगितले, की खेळाच्या गटात एका अनोळखी सदस्याने चित्र टाकले होते. घरी का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘बाबांनी सगळं बंद केलंय. मग मीच शोधून काढलं, असं त्यांना वाटणार ना?’

मला या प्रकरणात सर्वांत जास्त टोचले ते हेच. कुंपण पुरेसे नव्हते ही अर्धीच अडचण होती. ते पुरेसे आहे असे घरात ठामपणे बोलले गेल्यामुळे मुलाला स्वतःवरच आळ येण्याची भीती वाटू लागली होती. राउटरवरची बंदी काढू नका, असेच मी वडिलांना सांगितले, कारण चुकून उघडणारी काही पाने तरी तिच्यामुळे टळतात. मात्र तिच्यातून काय सुटते हेही मुलाला सांगा, असे सुचवले.

त्याच्या संमतीने पुढच्या भेटीत आम्ही एकत्र बसलो. वडील थांबत थांबत म्हणाले, ‘तू ते शोधलं नव्हतंस. ते तुझ्यापर्यंत आलं. टॅब मी काढून घेणार नाही.’ मग आईने त्याच्याकडूनच त्या सदस्याची तक्रार नोंदवून घेतली आणि गटात कोण जोडू शकेल याची सेटिंग बदलून घेतली. ते झाल्यावर त्याने, कोणी न विचारता, आणखी एका गटाचे नाव सांगितले.