ओल आणि सिमेंटचा गिलावा

प्रश्न: आमची वडिलोपार्जित इमारत दगड-विटांची, चुन्यात बांधलेली आहे. ओल येते म्हणून काही वर्षांपूर्वी तळमजल्याला सिमेंटचा गिलावा केला. आता ओल आणखी वर चढली आहे, पोपडे सुटतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे. ठेकेदार म्हणतात, भेग भरून जाड गिलावा करू, नाहीतर पाडून टाका. काय करावं?

उत्तर: एवढ्यावरून पाडायचा निर्णय घेऊ नका, आणि सिमेंट तर मुळीच लावू नका. ओल वर चढली ती बहुतेक त्या गिलाव्यामुळेच. चुन्यातली भिंत जमिनीतलं पाणी ओढते, पण ते सांध्यांमधून उडूनही जातं. सिमेंटने ती वाट बुजते, मग पाणी वर सरकतं आणि त्यातले क्षार विटेच्या आत स्फटिक धरून तिला फोडतात. सुटलेला एखादा पोपडा उलटून बघा. मागे विटेचा पापुद्रा चिकटून आला असेल, तर भिंत आतून झिजते आहे.

भर पावसात छत्री घेऊन इमारतीला एक फेरी मारा. पन्हळ कुठे गळते, पाणी भिंतीलगत साचतं का, भराव टाकून बाहेरची जमीन जोत्याच्या वर गेली आहे का, हे तेव्हाच दिसतं. पाण्याचा बंदोबस्त आधी. मग गिलावा छिन्नी-हातोडीने हलकेच उतरवा, ब्रेकर नको. भिंत उघडी ठेवून वाळू द्या. जाड भिंतीला कित्येक महिने लागतात, पण घाई केलीत तर सगळं काम वाया जाईल. नंतर चुन्याचा गिलावा, पातळ थरांत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून प्रत्येक थर काही दिवस ओलसर राखावा लागतो.

तुळयांची भिंतीत गेलेली टोकंही टोच्याने टोचून पाहा. लाकूड कुजतं ते तिथेच.

आता भेग. तिच्या कडा मळलेल्या असतील, आत जुना रंग किंवा कोळिष्टकं असतील, तर ती जुनी आहे. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना पक्की चिकटवून तारीख लिहा आणि सगळे ऋतू जाईपर्यंत लक्ष ठेवा. तोवर भेग बुजवू नका. काच तडकली किंवा भिंत फुगलेली दिसली, तर त्याच दिवशी टेकू लावून घ्या आणि चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.