आटे असलेला, ठसा नसलेला चषक

प्रश्न : आजोबांनी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला चांदीचा लहान चषक आमच्याकडे आहे. बैठकीवर क्रूस कोरलेला असून, आटे फिरवल्यास त्याचे तीन भाग होतात. घडवणाऱ्याचा वा शुद्धतेचा ठसा मात्र एकही नाही. तो इंग्लंडमधील कॅथलिकांच्या छळकाळातील असेल काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : शक्यता आहे, परंतु एवढ्यावरून निर्णय देता येत नाही. इंग्लंडमध्ये १५५९ च्या कायद्याने मिस्सा, म्हणजे चषकात द्राक्षारस अर्पण करण्याची कॅथलिक उपासना, बेकायदा ठरली, आणि १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज धर्मगुरूचे मायदेशी असणे हाच राजद्रोह मानला जाऊन त्याला आसरा देणाराही मृत्युदंडास पात्र झाला. वाटी, दांडा आणि बैठक सुटी करून सामानात दडवता येतील असे चषक त्या भयातून घडले. ते घडवणारा सोनारही आपली ओळख उघड होऊ नये म्हणून बहुधा ठसा टाळत असे. त्या बिनठशाच्या चांदीत मला त्या माणसांचे धैर्य दिसते.

मात्र सुटे होणारे चषक पुढेही प्रवासी धर्मगुरूंसाठी बनत राहिले, म्हणून आट्यांची झीज, हातघडणीच्या खुणा आणि वाटीच्या आतला सोन्याचा मुलामा जाणकाराकडून तपासून घ्यावा. सराफाला कसोटीसाठी ओरखडा काढू देऊ नका. क्ष-किरणांच्या यंत्राने वस्तूला धक्का न लावता धातू तपासता येतो. आणि कृपया पॉलिश करू नका, कारण गेलेला जुना मुलामा परत येत नाही.