जामीन झाला, म्हणजे बापू निर्दोषच ना?

प्रश्न : माझ्या सासूबाई आसाराम बापूंच्या साधक. देव्हाऱ्यात फोटो आहे. मागे बापूंना जामीन मिळाल्याचं टीव्हीवर आलं, तर त्यांनी शेजारीपाजारी साखर वाटली. ‘सत्य बाहेर आलंच!’ मी बोलले तर घरात अबोला. गुरू खरा की खोटा, हे आपण कशावरून ओळखायचं? – एक सून, नागपूर

उत्तर : आधी कोर्टाचं बोलू. माझी नोकरी कोर्टात टायपिस्ट म्हणून झाली. जामीन होताच पेढे घेऊन येणारे नातेवाईक पुष्कळ पाहिले. जानेवारी २०२५ मधला तो जामीन अंतरिम, म्हणजे तात्पुरता होता, तोही आजारपणापायी. त्याने बलात्काराच्या गुन्ह्यात झालेली जोधपूर कोर्टाची २०१८ ची जन्मठेप पुसली जात नाही, गांधीनगर कोर्टाची २०२३ चीही नाही.

आता खरं-खोटं. चेहऱ्यावरचं तेज नि डोळ्यांतलं पाणी बाजूला ठेवा. तक्रार झाल्यावर माणूस कसा वागतो ते बघा. २०१३ मध्ये पोलिसांनी चौकशीला बोलावलं, तर बापू मुदतीत गेलेच नाहीत. शेवटी इंदूरच्या आश्रमातून रात्री उचलावं लागलं, बाहेर साधकांचा गराडा. पुढे साक्षीदारांवर हल्ले झाले, काही जिवानिशी गेले.

आणि तक्रार कोणाची? सोळा वर्षांच्या मुलीची. तिचे वडील कोणी नास्तिक नव्हते. शहाजहानपूरला पदरचे पैसे घालून आश्रम उभा करणारे साधक, पोरगी बापूंच्याच छिंदवाड्याच्या गुरुकुलात घातलेली. असा माणूस पोलीस ठाण्याची पायरी उगाच चढेल? हा काही पुरावा नव्हे, पुरावा कोर्टाने तपासला. पण घरात बोलायला मला हाच मुद्दा सगळ्यात जड वाटतो. (तशी बापूंच्या बेपर्वाईची चुणूक आधीच दिसली होती म्हणा. मार्च २०१३, दुष्काळात मराठवाडा टँकरवर, आणि तुमच्याच नागपुरात बापूंची होळी पाण्याचे फवारे उडवत!)

सासूबाईंना अडाणी ठरवू नका. भजन, चार मैत्रिणी, दुपारी बाहेर पडायला कारण, हे सगळं त्यांना तिथेच मिळालं असेल. फोटोला हात लावू नका. चहा घेताना एवढंच विचारा, ‘आई, ते वडील तुमच्यासारखेच साधक होते ना?’ उत्तराची घाई नको. भजनाला दुसरं मंडळ शोधून द्या, पहिले काही दिवस स्वतः सोबत जा. आश्रमाच्या नावाने कोणी पावतीपुस्तक घेऊन आलं, तर मात्र दारातूनच परत पाठवा.