एकाच विमानाचे दोन वेग

"मॅडम, समीकरणं फटाफट सोडवते, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली. गणिताची भीती बसलीय का हिला?" दहावीतल्या मुलीची आई विचारत होती. हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो, जानेवारीत जरा जास्तच.

मी वही मागितली. उदाहरण असं: मुंबई ते लंडन ७२०० किमी. जाताना समोरून वारा, म्हणून १० तास. येताना तोच वारा पाठीशी, म्हणून ९ तास. वारा नसतानाचा विमानाचा वेग आणि वाऱ्याचा वेग काढा. (आकडे सोयीचे केलेत, पण लंडनला जाताना खरंच जास्त वेळ लागतो. दहाएक किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो.)

खाली क्ष = ७२० लिहून खोडलेलं. मग क्ष = ८००, तेही खोडलेलं. रबरानं कागद पार झिजला होता.

"का खोडलंस?"

"दोन उत्तरं आली. विमान तर एकच आहे ना?"

घरी ज्याला भीती म्हणत होते, ती ही. भागाकार दोन्ही बरोबर होते. ज्याला खरंच काही कळत नाही, तो इथं खोडत बसत नाही, पहिलं उत्तर लिहून मोकळा होतो.

"सायकलवर समोरून वारा आला की?"

"पायडल तेवढंच मारते, पण सायकल पुढे सरकत नाही."

तो पायडलचा जोर म्हणजे क्ष. जमिनीवरून मोजलं तर तो ना जाताना दिसतो, ना येताना. हवेतून मात्र विमान दोन्ही वेळा सारखंच चाललेलं असतं. होडी आणि प्रवाहाची उदाहरणं तिनं 'बेरीज करून दोनने भागा' अशी पाठ केली होती. होडीचं विमान झालं आणि पाठांतर संपलं.

पुढचं तिनंच लिहिलं: क्ष − य = ७२०, क्ष + य = ८००. विमान ७६०, वारा ४०.

"क्लास बदलू का?" आईनं विचारलं. म्हटलं, नको. समीकरणाआधी 'क्ष म्हणजे काय' ते मराठीत पूर्ण वाक्यात लिहायला लावा, महिनाभर तेवढंच करा.

मुलगी अजून वहीतच होती. वारा नसता तर जाऊन-येऊन १९ तासच लागले असते ना? मोजून बघ म्हटलं. आले १८ तास ५७ मिनिटं. तीन मिनिटं गेली कुठे, हे दाराशी चपला घालता घालता तिला सुचलं: "मॅडम, नडणारा वारा दहा तास होता, ढकलणारा नऊच!"