अचानक मुंग्या येऊन अंग बधिर होतं, कारण काय असू शकतं?

बसल्या बसल्या हातापायाला अचानक मुंग्या येतात आणि थोडा वेळ बधिरपणा राहतो, हे कशाने होत असेल, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, पण या भीतीतून गेलोय.

आधी तातडीचं. मुंग्या एकदम एकाच बाजूला आल्या, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली किंवा हात उचलेना, तर पक्षाघात समजून लगेच मोठं रुग्णालय गाठा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी जाच, तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. बधिरपणा पायांतून वर चढत पाय लुळे पडत असतील, किंवा कंबरदुखीसोबत बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडत असेल, तरीही थांबू नका.

माझं असं झालं की रात्री तीनच्या सुमाराला उजवा हात बधिर होऊन जाग यायची. झटकला की बरं वाटायचं. पक्षाघातच होणार या धास्तीने मी दोन आठवडे नीट झोपलो नाही. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "करंगळीला मुंग्या येतात का?" मी कधी बघितलंच नव्हतं! त्या रात्री दिवा लावून एकेक बोट चिमटून पाहिलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. म्हणजे मनगटातली नस दबत होती, ज्याला कार्पल टनेल म्हणतात. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधू लागलो आणि हळूहळू त्रास गेला. करंगळी बधिर असती तर संशय कोपराजवळच्या नसेवर गेला असता.

दोन्ही हातांची बोटं आणि ओठांभोवती एकदम मुंग्या, सोबत धडधड, असं असेल तर घाबरून भरभर श्वास घेतल्यानेही होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे मोकळं कॅल्शियम कमी होऊन नसा चाळवतात. त्या मुंग्या खऱ्या असतात, त्यांना "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. मायग्रेनमध्ये मुंग्या बोटांतून हातावर, मग चेहऱ्याकडे सावकाश सरकतात.

दोन्ही तळपायांतून महिनोन्‌महिने वाढत आलेला बधिरपणा असेल तर साखर, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासून घ्या. बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. मात्र तपासणीआधी बी-१२ च्या गोळ्या सुरू करू नका, रिपोर्टमध्ये खरी कमतरता दिसणार नाही.

पुढच्या वेळी कुठली बोटं, एक बाजू की दोन्ही, किती मिनिटं, हे लिहून ठेवा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. करंगळी नक्की तपासा.